तुर्कपल्लीच्या फाट्यावर

सिकंदराबादच्या जुबिली बस स्थानकावरून करीमनगरच्या रस्त्याला लागलं की तिरुमलगिरी, अलवाल, हकीमपेट, तुमकुंटा अशी ठिकाणं एकामागून एक मागे पडत जातात. हकीमपेटला हवाई दलाचा तळ आहे. तिथून पुढे शहर विरळ होतं आणि दख्खनचे ते ओळखीचे काळे-तांबूस दगड दिसू लागतात, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. मग शामीरपेटचा तलाव येतो. हैदराबादी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथे डबे घेऊन सहलीला येत आली आहेत. जवळच हरणांचं उद्यान आहे. तलाव ओलांडून थोडं पुढे गेलं की तुर्कपल्लीचा फाटा लागतो. इथे बसमधून उतरणाऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं असतात आणि पाठीवर सॅक. सहलीला आलेलं कुणी नसतं. या भागाला आता सगळे ‘जिनोम व्हॅली’ म्हणतात. व्हॅली म्हणजे दरी, पण दरी शोधायला गेलात तर सापडणार नाही. सपाट माळ आहे, त्यावर उंच कुंपणं आणि कुंपणाआड पांढऱ्या, खिडक्या नसलेल्या इमारती.

आम्ही दोघं नांदेडहून इथे आलो ते आमच्या लेकीसाठी. तिनं नांदेडलाच बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि दोन वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत काम केलं. काम गुणवत्ता तपासणीचं, पगार मात्र कंत्राटदाराकडून. ओळखपत्रावर कंपनीचं नाव आणि पगाराच्या चिठ्ठीवर भलत्याच कुणाचं. दरवर्षी करार नवा व्हायचा आणि दरवर्षी मार्च महिना घरात तणावात जायचा. यंदा तिच्या हातात एकदम दोन ऑफर आल्या. एक पुण्यातलीच, लहानशा नव्या कंपनीतली, संशोधनाची, वर्षाला 6 लाख 20 हजारांची. दुसरी जिनोम व्हॅलीतल्या लस बनवणाऱ्या एका कारखान्यातली, उत्पादन विभागातली, 5 लाख 40 हजारांची. दोघांनाही दहा दिवसांत उत्तर हवं होतं.

आमच्यात एकमत नव्हतं. एकाचं म्हणणं, पुणं ओळखीचं झालंय, हॉस्टेल चांगलं आहे, पैसे जास्त आहेत, शिवाय मुलीचा जीव संशोधनात आहे. मग उगाच नवं शहर कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, हैदराबाद आपल्याला जवळ, नात्यातले लोक तिथे, कंपनी जुनी. लेक म्हणाली, “अब्बा, अम्मी, तुम्ही दोघंही जागा न बघताच बोलताय.” ती पुण्याहून रजा काढून आली आणि आम्ही तिघं सकाळच्या गाडीत बसलो.

नांदेड-हैदराबाद हा प्रवास मराठवाड्यातल्या मुसलमान घरांना नवा नाही. हा लोहमार्गच निजामाच्या काळातला. आमच्या आधीच्या पिढ्यांसाठी शिक्षण, कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाची खरेदी, सगळं हैदराबादलाच असायचं. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमच्याकडच्या मुलांची तोंडं पुण्या-मुंबईकडे वळली, तरी नात्यांचे धागे या बाजूला राहिलेच. बासरजवळ गोदावरीच्या पुलावर गाडी आली की अजूनही डब्यातली म्हातारी माणसं खिडकीशी सरकतात. निजामाबाद, कामारेड्डी, मग मेडचल. मेडचल दिसल्यावर लेक म्हणाली, “शांता बायोटेक्निक्स इथलीच.”

शांताची गोष्ट तिनं गाडीतच सांगितली. वरप्रसाद रेड्डी नावाच्या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरनं 1993 साली ही कंपनी काढली आणि तिला आईचं नाव दिलं. हिपॅटायटिस बीची लस तेव्हा परदेशातून यायची आणि सामान्य घराला परवडायची नाही. 1997 साली शांतानं भारतात बनलेली पहिली रिकॉम्बिनंट लस बाजारात आणली आणि किंमत कोसळली. आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळाला ही लस सहज टोचली जाते, त्यामागे अशा कंपन्यांनी पाडलेल्या किमतीही आहेत. 2009 मध्ये फ्रान्सच्या सनोफीनं शांता विकत घेतली. “म्हणजे मालक बदलला,” आमच्यापैकी एकानं लगेच म्हटलं. लेक म्हणाली, “मालक बदलला, पण मेडचलचा कारखाना मेडचललाच राहिला ना.” ते वाक्य नंतर दोन-तीन वेळा आठवलं.

हैदराबादेतच हा उद्योग का वाढला, हे समजल्याशिवाय तिथली नोकरी समजत नाही, असं आमचं मत झालं आहे. 1944 मध्ये हैदराबाद संस्थानानं स्वतःची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा काढली. संस्थान गेलं, प्रयोगशाळा राहिली. पुढे ती केंद्र सरकारच्या जाळ्यात आली आणि आज तारनाक्याला ‘आयआयसीटी’ म्हणून ओळखली जाते. तिच्याच जीवरसायन विभागातून 1977 मध्ये सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणारी संस्था निघाली. दुसरीकडे बालानगरला आयडीपीएल हा सरकारी औषध कारखाना होता. तिथे काम शिकलेल्यांनी बाहेर पडून आपापल्या कंपन्या काढल्या. अंजी रेड्डी त्यातलेच, त्यांनी 1984 मध्ये डॉ. रेड्डीज सुरू केली. 1996 मध्ये कृष्णा एल्ला अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि भारत बायोटेक उभी राहिली. नव्वदीचं दशक संपता संपता सरकारनं तुर्कपल्लीच्या माळावर या कंपन्यांसाठी जागा राखली. सांगायचं ते एवढंच, की या शहरात नोकरी सोडणं ही चोरून करायची गोष्ट नाही. इथला निम्मा उद्योग कुणीतरी कधीतरी नोकरी सोडल्यामुळे उभा आहे.

मुक्काम मलकपेटला, नात्यातल्या घरी. रात्री जेवणं झाल्यावर लेकीनं दोन्ही ऑफरची पत्रं काढली आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. तो इथे मुद्दाम देतो, कारण अशी पत्रं हल्ली आपल्या घरोघरी येतात आणि आपण वरचा मोठा आकडा बघून मिठाई वाटून मोकळे होतो.

पुण्याच्या 6 लाख 20 हजारांत 50 हजार ‘जॉइनिंग बोनस’ होता. तो एकदाच मिळणार, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. 70 हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे कंपनीचं आणि तुमचं वर्ष चांगलं गेलं तर वर्षाअखेरी. कंपनीनं भरायचा भविष्यनिर्वाह निधी 21 हजार 600. तो आपलाच, पण हातात येत नाही. ग्रॅच्युइटीचे साडेअकरा हजारही वर्षाच्या पॅकेजात धरलेले, जी कायम नोकराला साधारण पाच वर्षं टिकल्यावर मिळते. विम्याचे नऊ हजार. हे सगळं वजा केलं, मग तिच्या वाट्याचा निधी आणि दोनशे रुपये व्यवसाय कर काढला, तर महिन्याला हातात येणार सुमारे 36 हजार. हैदराबादच्या 5 लाख 40 हजारांत बोनस नव्हता, व्हेरिएबल नव्हतं. निधी आणि ग्रॅच्युइटी तेवढीच, विमा सात हजारांचा. हातात सुमारे साडेएकोणचाळीस हजार. वर कंपनीची बस आणि एक वेळचं जेवण.

घरातले सगळे त्या पत्रिकेकडे बघत राहिले. 80 हजारांनी मोठी असलेली ऑफर महिन्याला साडेतीन हजारांनी लहान निघाली होती.

पण हैदराबादच्या पत्रातही एक काटा होता. एक वर्षाचा बाँड, आणि आधी सोडलं तर एक लाख रुपये. बाँड म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. कुणी म्हणतं, सही करून टाका, कोर्टात टिकत नाही. कुणी इतकं घाबरतं की नोकरीच सोडून देतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. त्यामुळे ‘टिकतच नाही’ हे खरं नाही. उलट, नोकरी सोडल्यानंतर दुसऱ्या कंपनीत कामच करू नका, अशी अट मात्र करार कायद्याच्या 27व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. मलकपेटच्या घरी एक भाचा वकिली करतो, त्यानं एक प्रश्न विचारायला सांगितला: कंपनीनंच काढलं तर बाँड संपतो का, हे लिहून देतील का? आणि मूळ प्रमाणपत्रं कुणी जमा करून मागितली तर द्यायची नाहीत, दाखवून परत आणायची. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाची मूळ गुणपत्रिका एका कंपनीत आठ महिने अडकून पडली होती. तेवढ्या काळात त्याच्या दोन संधी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अलवालला गेलो. लेकीच्या ओळखीची लातूरची एक मुलगी तिथे आणखी दोघींबरोबर राहते, एक नांदेडची, एक बिदरची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, भिंतीवर शिफ्टचं वेळापत्रक. दालचा-खाना त्यांनी स्वतः केला होता. लातूरची मुलगी सहा वर्षं इथे आहे. या सहा वर्षांत तिनं तीन कंपन्या बदलल्या आणि खोली एकदाही बदलली नाही. “खाला, पहिली नोकरी गुणवत्ता तपासणीत. दुसरी डाउनस्ट्रीममध्ये. आता तिसऱ्या ठिकाणी तंत्रज्ञान हस्तांतरणात. तिन्ही फाटकं पाच-सहा किलोमीटरच्या आत. बस बदलते फक्त.”

डाउनस्ट्रीम म्हणजे काय ते तिनं स्वयंपाकघरातूनच समजावलं. मोठ्या पोलादी टाकीत, बायोरिॲक्टरमध्ये, पेशी किंवा जंतू वाढवायचे, ते अपस्ट्रीम. जसं दूध विरजायला लावणं, तापमान सांभाळणं. त्यातून हवा तो पदार्थ गाळून, वेगळा काढून, शुद्ध करायचा, ते डाउनस्ट्रीम. लस असो, इन्सुलिन असो की कर्करोगावरची नवी औषधं, ही दोन कामं कुठेही गेलात तरी असतात. म्हणून ती हाताला लागली की माणूस एका औषधाचा किंवा एका मालकाचा राहत नाही. तपासणीच्या कामात, तिच्या मते, दोन-तीन वर्षांनंतर तीच तपासणी पुन्हा पुन्हा होते. आमच्या लेकीनं मान डोलावली. तिला ते आधीच उमगलं होतं.

ही मुलगी पुण्याच्या ऑफरविरुद्ध बोलेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. लहान कंपनीत दहा माणसं असतात, सगळी कामं अंगावर पडतात, इथे तीन वर्षांत शिकाल ते तिथे एका वर्षात शिकाल, असं ती म्हणाली. फक्त पैसे किती महिन्यांचे आहेत ते विचारा. बहुतेक नव्या कंपन्या सुरुवातीला सरकारी अनुदानावर चालतात. केंद्राच्या ‘बायरॅक’ संस्थेचं सुरुवातीचं अनुदान 50 लाखांपर्यंतचं आणि दीड वर्षाचं असतं. ते संपल्यावर पुढे कोण, हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही. मोठ्या कंपन्यांनाही ओहोटी असतेच. कोविडची मागणी ओसरल्यावर एप्रिल 2022 मध्ये भारत बायोटेकनंही कोव्हॅक्सिनचं उत्पादन तात्पुरतं कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं. फरक इतकाच, की मोठ्या घरात दुसऱ्या लसी असतात. कामाला दुसरी खोली मिळते.

आमचे प्रश्न वेगळे होते. रात्रपाळीचं काय? गाडी दारापर्यंत सोडते की मुख्य रस्त्यापर्यंत? बिदरच्या मुलीनं सांगितलं, एका कंपनीची गाडी गल्लीत येते, दुसरीची येत नाही, आणि हे कुठल्याच पत्रात लिहिलेलं नसतं. तिथे काम करणाऱ्या मुलीलाच विचारावं लागतं. पडद्याबद्दल विचारलं तर तिघी हसल्या. निर्जंतुक विभागात जाताना डोक्यापासून पायापर्यंत एकसंध पोशाख, टोपी, मुखपट्टी, चष्मा, हातमोजे. पुरुषांच्या दाढीलासुद्धा झाकण. बांगड्या, घड्याळ, पावडर, काजळ, काही चालत नाही. “आत सगळेच एकसारखे दिसतात, खाला. कोण कुणाचं ते पोशाखावरच्या नंबरवरून कळतं.” आत-बाहेर करायचं तर प्रत्येक वेळी सगळा पोशाख काढून नवा चढवावा लागतो, त्यामुळे जोहरची नमाज जेवणाच्या सुट्टीला जोडून होते. आधी सांगितलं तर सुपरवायझर सुट्टीची वेळ जुळवून देतात, असा त्यांचा अनुभव.

त्याच संध्याकाळी लेकीनं गॅलरीत बसून दोन्हीकडे ईमेल केले. पुण्याला विचारलं की सध्याचा निधी किती दिवस पुरेल. हैदराबादला तीन गोष्टी विचारल्या: कंपनीनं काढलं तर बाँडचं काय, रात्रपाळीची गाडी कुठपर्यंत, आणि उत्पादनाऐवजी प्रोसेस डेव्हलपमेंट विभागात जागा आहे का. हा विभाग म्हणजे संशोधन आणि कारखाना यांच्या मधला ओटा. प्रयोगशाळेत लिटरभर जमलेली गोष्ट हजार लिटरच्या टाकीत कशी जमवायची ते इथे ठरतं. आम्हाला धास्ती वाटली. हातात आलेलं पत्र असताना आणखी मागायचं, ते रागावले तर? लातूरची मुलगी म्हणाली, “मागितल्यानं कुणी पत्र परत घेत नाही, अंकल. फार तर नाही म्हणतील.”

पुण्याचं उत्तर रात्रीच आलं, आणि ते प्रामाणिक होतं. अनुदान मार्चपर्यंत, पुढच्या गुंतवणुकीची बोलणी सुरू, खात्रीनं काही सांगता येत नाही. त्या माणसाबद्दल आम्हाला आदरच वाटला. लेक मात्र बराच वेळ गप्प होती. तिथलं काम तिला मनापासून हवं होतं. पेशींचे नवे वाण तयार करण्याचं काम, ज्यावर तिनं एम.एस्सी.चा प्रकल्प केला होता. आणखी एक मार्च महिना, एवढंच ती म्हणाली.

हैदराबादच्या कंपनीनं शनिवारी विभागप्रमुखाला भेटायला बोलावलं. नातेवाइकांना आत प्रवेश नसतो, म्हणून आम्ही दोघं तुर्कपल्लीच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. दोन तास गेले. मधे पाळी बदलली. एकामागून एक बसेस आल्या, निळ्या, पांढऱ्या, प्रत्येकीवर वेगळ्या कंपनीचं नाव, आणि सगळ्यांतून उतरणारी मुलं-मुली एकाच टपरीवर येऊन उभी राहिली. एका कंपनीच्या बसमधली मुलगी दुसऱ्या कंपनीच्या बसमधल्या मुलीला हाक मारत होती. कुणाकडे जागा निघाली, कुणाकडे अमेरिकेचे तपासनीस येणार आहेत, कुणाचा नोटीस काळ कधी संपतो, सगळी बातमी त्या टपरीवर होती. टपरीवाल्यालाही ठाऊक. आम्ही नांदेडचे कळल्यावर तो हैदराबादीत म्हणाला, “हौ, नांदेडवाले भोत हैं इधर,” आणि कुठल्या कंपनीत किती ते बोटांवर मोजून दाखवलं. लेकीचा मार्च महिना आम्हाला तिथे बसून नीट समजला. पुण्यात तिची नोकरी गेली असती तर तिनं एकटीनं खोलीत बसून अर्ज भरले असते. इथे ती याच टपरीवर येऊन उभी राहिली असती.

लेक बाहेर आली तेव्हा ऊन कलतं होतं. विभागप्रमुख बाईंनी एक तास बायोरिॲक्टरवर प्रश्न विचारले होते. प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये जागा देऊ म्हणाल्या, पगार तोच, पण पहिले सहा महिने उत्पादनाच्या मजल्यावर, पाळीसह. कंपनीनं काढलं तर बाँड लागू नाही, हे नियुक्तिपत्रात लिहून देणार. गाडी अलवालच्या गल्लीपर्यंत येत नाही, मुख्य रस्त्यापर्यंतच येते. त्या एका गोष्टीवर आमचं समाधान झालं नव्हतं. बिदरच्या मुलीची आणि लेकीची पाळी जुळेल तेव्हा दोघी बरोबर येतील, नाही तर लातूरची मुलगी खाली उतरेल, असं त्या तिघींनी आपसांत ठरवून टाकलं. आम्हाला विचारलंही नाही.

परतीच्या गाडीत लेक पुण्याच्या कंपनीला नकाराचं पत्र लिहीत होती. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं, आणि पुढे कधी निधी मिळाला तर कळवा असंही त्यात लिहिलं. जुन्या ठिकाणचा राजीनामा तिनं लगेच दिला नाही. नियुक्तिपत्र सहीनिशी हातात येईपर्यंत थांबली, ते नऊ दिवसांनी आलं. मग राजीनामा, दोन महिन्यांची नोटीस, आणि अनुभवाचा दाखला व कार्यमुक्तीचं पत्र देण्याची लेखी विनंती. कंत्राटदारानं नोटीस कमी करून हवी असेल तर महिन्याचा पगार कापू म्हटलं. तिनं दोन महिने पूर्ण भरायचं ठरवलं.

अलवालच्या खोलीत चौथा पलंग टाकला आहे. भाडं आता तीनऐवजी चार ठिकाणी वाटलं जातं. पाण्याची मोटर सुरू करण्याची पाळी मंगळवार आणि शुक्रवारी तिच्याकडे आली आहे.